बारा-तेराचा पाना

कोपरच्या घराचा माळा आवरताना आप्पांनी घेऊन दिलेला पान्यांचा डबा सापडला. झाकण उघडलं आणि मशीन ऑइलचा वास आला.

माझे वडील, आप्पा, खोपटच्या डेपोत एसटीचे मेकॅनिक होते. मला विमानदुरुस्तीची नोकरी लागली तेव्हा ते हट्टाने मला ठाण्यातल्या दुकानात घेऊन गेलेले. एकेक पाना तळहातावर तोलून बघत होते.

“इंचात देऊ की एमएममध्ये?” दुकानदाराने विचारलं.

“एमएममध्ये. आयुष्यभर तेच वापरलंय,” आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “हा बारा-तेराचा कायम हाताशी ठेव गं, सगळ्यात जास्त हाच लागतो.”

आमच्या विमानांना इंचातले पाने लागायचे. मला ते माहीत होतं, पण त्यांचा खुललेला चेहरा बघून मी गप्प बसले.

पुढे गॅलरीवरून विमान गेलं की ते मान वर करून विचारायचे, “आपला बारा-तेरा लागला का गं त्याला?”

“लागला ना, आप्पा.”

तेव्हा हे खोटं बोलताना जीभ अडखळायची. आता विमान गेलं की मीच वर बघते, पण विचारणारं कुणी नसतं. डब्यातले पाने अजून कोरे आहेत. वापरले असते, तर दुकानातला हा वास केव्हाच उडून गेला असता.