बारावीनंतरचा बाक

बारावीचा निकाल लागला की आमच्या क्लासात गणित बंद आणि किस्से सुरू! राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर माझा गणिताचा क्लास होता. दाराजवळ एक लांबलचक बाक ठेवलेला. जून उजाडला की अख्ख्या जिल्ह्यातली घरं त्या बाकावर येऊन बसायची, आणि प्रश्न एकच, "मॅडम, पोराला कॉलेजला घालावं का नको?" त्या बाकावरचे किस्से इतके साचलेत की घरी कुणी आलं की आमचे हे आधीच बजावतात, "चहा घ्या आणि निघा, नाहीतर ही सुरू होईल." तुम्ही आता बसलाच आहात, तर ऐका!

सल्ला द्यायला मी कधी लाजले नाही. कॉलेज सगळ्यांनी करावंच असं मी मानत नाही आणि करूच नये असंही नाही. पोर बघायचं, घर बघायचं आणि तोंडावर सांगायचं. फी बुडाली तरी चालेल, पण गोलमाल बोलणं मला जमत नाही.

फक्त एका पोरीच्या बाबतीत माझं डोकं चालेना. दोन हजार सालानंतरचा एक जून होता तो. उज्ज्वला कांबळे. वडील एसटीत कंडक्टर, घर भाड्याचं, गावाकडं एक खोली आणि रान मुळीच नाही. पोरगी गणितात अशी की एक उदाहरण सुटलं की तेच दुसऱ्या रीतीनं सोडवून बघायची, निव्वळ हौस म्हणून! सांगलीला इंजिनिअरिंगला तिचा नंबर लागला होता. विहारात वंदनेनंतर सगळ्यांनी तिचा सत्कार केला. वडिलांना तिला सांगलीला पाठवायचं होतं. आणि ही?

"मी डी.एड.ला जातो, मॅडम." आमच्याकडच्या पोरी जातो-येतोच म्हणतात. "दोन वर्षांत नोकरी लागती. बाबांनी आनि किती ओढायचं?"

बाकी घरांत पोर कॉलेज मागतं आणि बाप नको म्हणतो. इथं सगळं उलटं! मला तिचा राग यायचा आणि तिला जवळही घ्यावंसं वाटायचं.

*

नेसरीचे बाळूनाना पाटील आमचं कायमचं गिऱ्हाईक. भावकी दांडगी, त्यामुळे दर जूनला नवा पुतण्या. पहिल्यांदा आले ते ट्रॅक्स जीप भरून! बाक पुरला नाही, दोघं जिन्यावर बसले. रिटायर सुभेदार म्हणाले मिलिटरीत घाला, सरपंच म्हणाले बी.ए. करू दे, मामांचं म्हणणं डेअरीत चिकटवा. आवाज चढले, चहा दोनदा झाला. शेवटी मी विचारलं, "यातला पोरगा कुठला?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

"त्यो न्हाई आणला," नाना म्हणाले. "त्याला म्हसरं धुवायला लावून आलोय. हितं काय ठरलं त्ये सांगतो की त्याला घरी गेल्यावर!"

त्या दिवशी मी क्लासचा नियम केला. पोर समोर असल्याशिवाय बोलणं नाही, आणि आधी पोर बोलणार.

*

पुढच्या जूनला नाना पुतण्याला घेऊन आले. एका नव्या खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात घालायचं मनात होतं. मी म्हटलं, "आधी कॉलेज बघून या."

"बघनारच की! दोन वक्ताची धार बघितल्याबिगर आमी म्हस घेत न्हाई."

तिकडं म्हैस घ्यायची तर विकणाऱ्याच्या गोठ्यात मुक्काम ठोकतात. संध्याकाळची धार बघायची, सकाळची बघायची, मग बोलायचं. नानांनी कॉलेजलाही तोच कायदा लावला. गेले ते थेट गेटसमोरच्या चहाच्या गाडीवर बसले. सकाळी पोरं येताना बघितली, संध्याकाळी जाताना बघितली. परत आले ते मान हलवतच.

"न्हाई घालायचं, मॅडम."

"का? इमारत बरी नाही?"

"इमारत लई झकास हाय. पर मास्तर पोरांच्या आधी घरला जात्यात!"

त्या पुतण्यानं आयटीआय केलं. शिरोलीला त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे आता. आणि मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते, माहितीपुस्तकातले रंगीत फोटो बघू नका, चहाच्या गाडीवर बसा.

*

कबनूरचे म्हेत्रे यंत्रमागवाले. मागाच्या खडखडाटात जन्म गेलेला, त्यामुळे साधं 'नमस्कार' म्हटलं तरी रस्त्यावर ऐकू जायचं. ते बोलायला लागले आणि खालचा झेरॉक्सवाला धावत वर आला. त्याला वाटलं भांडण लागलं!

"कालेजात चार वर्सं घालवायची कशाला? तेवढ्यात हितं दोन माग वाढत्यात!" म्हेत्रे गरजले.

मी नियम दाखवला. आधी पोरगा बोलणार. विनायक खाली मान घालून बसला होता. हळूच म्हणाला, "मला मागावर बसायचं न्हाई. मला कॉमर्स करायचंय."

म्हेत्रे थक्क झाले. "आरं, मग घरात कधी बोलला न्हाईस त्ये?"

"दोन वर्षं बोलतोय की, आप्पा! पर माग चालू असत्यात!"

म्हेत्रे पोराजवळ सरकले. मग पहिल्यांदाच खालच्या आवाजात म्हणाले, "मग येक बंद करायचा हुतास की लेका."

*

उज्ज्वलाच्या त्या जूनमध्ये कॉम्प्युटरचं खूळ जोरात होतं. शेजारच्या गल्लीतले भांडीवाले पोतदार उड्या मारतच आले. "मॅडम, कॉलेजची कटकटच मिटवली. घरात कॉम्प्युटरच आणला! आता पोरगं घरातच शिकंल!"

बघायला गेले. चपला बाहेर काढायला लावल्या. हॉलमध्ये टेबलावर कॉम्प्युटर, त्यावर विणलेला रुमाल, रुमालावर गजरा, वर हळदकुंकू. पोरगा चार हात लांब, भिंतीला चिकटून उभा.

"अरे, चालवून दाखव की," मी म्हटलं.

"हात लावू देत न्हाईत, मॅडम."

पोतदार मध्येच ओरडले, "आन् बिघडला म्हंजे? आदी शिकू दे, मग लावंल हात!"

आठवडाभरात पोरगं कॉलेजात! हा किस्सा मी बाकावर सांगितला तेव्हा उज्ज्वला सगळ्यात जास्त हसली. मला वाटलं, पोरगी वळली. हसू ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाली, "तरी मी डी.एड.लाच जातो."

मी चांगली झापली तिला. "तुझ्या बाबांना ओझं वाटतंय का? ते बोलले का कधी?" डी.एड. वाईट नव्हतंच, दुसऱ्या कुणाला मी ते डोळे झाकून सांगितलं असतं. पण ह्या पोरीनं सांगली सोडली असती तर मला ते आयुष्यभर लागून राहिलं असतं.

*

सांगलीला जागा पक्की करायचा शेवटचा दिवस. सकाळी कांबळे पोरीला घेऊन आले, ड्यूटीवरून सरळ, अंगावर खाकी तशीच. माझा बाक नेमका भरलेला! बाळूनाना नवा पुतण्या घेऊन हजर, सोबत भावकीही. कांबळे आणि उज्ज्वला दाराशीच उभे राहिले.

"तुमीच सांगा हिला, मॅडम," कांबळे म्हणाले. "माजं ऐकत न्हाई. संध्याकाळी पाचला तिथलं दार बंद हुतंय."

मी नियमाप्रमाणे उज्ज्वलाकडं बघितलं. तिचं उत्तर तयारच होतं. "डी.एड."

एवढ्यात नानांना राहवलं नाही. कुणी विचारलं नव्हतं, पण नाना विचारण्याची वाट कधी बघतात!

"पावनं, पोरगी शानी हाय तुमची. बरूबर बोलती. कशाला त्या कालेजच्या नादी लागायचं? आमच्या थोरल्या पुतन्यानं अर्ध्यात सोडलं. काय बिघडलं त्याचं? ट्रॅक्टर चालवतोय, गडी येकदम खूश हाय!"

कांबळेंनी डोक्यावरची टोपी काढली आणि काखेत धरली.

"कुनाच्या रानात चालवतोय?"

"कुनाच्या म्हंजे? आमच्याच की!"

"हां," कांबळे म्हणाले. "आमाला रान न्हाई."

सुभेदारांनी घशाशी आलेला खोकला गिळला. उज्ज्वला बापाकडं बघत होती.

नाना उठले. "सरका रं, सरका जरा. बसा, पावनं. बसा की."

"बसाय येळ न्हाई," कांबळे म्हणाले. "सांगलीची गाडी गाठायची हाय."

उज्ज्वला तोवर अर्धा जिना उतरली होती.