नजरेबाहेरचा समुद्र

मॅडमचा स्वभाव मुळात संशयी नव्हता. ती सवय त्यांना जहाजांनी लावली. विद्यापीठात जगभरच्या मासेमारीचे कायदे आणि धोरणं शिकवायला येण्याआधी त्या ट्रॉलरवर सरकारी निरीक्षक होत्या. कप्तान हसून कॉफी पुढे करायचा आणि तेवढ्यात मागच्या बाजूला चोरटं जाळं रिकामं व्हायचं. तेव्हापासून कुणी गोड बोललं की त्यांचे कान टवकारायचे. नवरा दातांचा डॉक्टर. तो म्हणायचा, "तू वर्गात हजेरी घेत नाहीस, जबानी घेतेस."

त्या वर्षी मागच्या बाकावर एक मिशीवाला येऊन बसला. बाकीच्यांपेक्षा चांगलाच थोराड. कोणत्या देशानं किती मासे धरायचे हे कोण ठरवतं, यावर मॅडम बोलत असताना तो ढिम्म. पण पळवाटांचा विषय निघाला की हात वर.

"मॅडम, जहाजानं ठावठिकाणा कळवणारा ट्रॅकर बंद केला तर किनाऱ्यावर कधी कळतं?"

"भर समुद्रात एका जहाजाचे मासे दुसऱ्यावर चढवले, तर ते कुणाच्या नावावर धरायचे?"

मॅडमच्या मनात पाल चुकचुकली. हा शिकायला आलेला नाही, कुठल्या तरी कंपनीनं पेरलेला आहे. घरी बोलल्या तर नवरा म्हणाला, "अगं, प्रश्न विचारतो म्हणजे निदान जागा तरी असतो!" पण त्यांना चैन पडेना.

शेवटी त्यांनी गळ टाकला. गस्त खात्यातल्या जुन्या मैत्रिणीला आधी सावध केलं आणि मग वर्गात, जाता जाता बोलल्यासारखं म्हणाल्या, "दक्षिणेच्या राखीव पट्ट्यात सध्या गस्त नाही. नौका दुरुस्तीला गेल्यात." धादांत खोटं. पहिल्या बाकावरच्या त्यांच्या आवडत्या मुलीनं तेही वहीत टिपून घेतलं. डोळे मिशीवाल्यावर रोखलेले. त्यानं मानसुद्धा वर केली नाही. मुरलेला दिसतोय, त्या मनाशी म्हणाल्या.

थोड्याच दिवसांत मैत्रिणीचा फोन आला. "तुझा अंदाज खरा ठरला गं! एकाच मालकाचे ट्रॉलर ट्रॅकर बंद करून बंदीच्या पट्ट्यात घुसले. रंगेहाथ धरले."

तास संपताच मॅडमनी मिशीवाल्याला जिन्यात गाठलं. "तुम्ही कुणासाठी काम करता?"

"बंदराच्या कचेरीत कारकून आहे, मॅडम." तो पार गांगरला. "साहेबांना सांगू नका हं. बढतीच्या परीक्षेत मागे दोनदा आपटलो. जुन्या पेपरांत हेच प्रश्न होते, म्हणून विचारत होतो."

मॅडम ओशाळल्या. इतकी साधी गोष्ट त्यांच्या मनाला शिवलीही नव्हती. मग बातमी फुटली कुठून? त्यांनी मैत्रिणीला ट्रॉलरमालकाचं नाव विचारलं. आडनाव ऐकलं आणि त्यांनी हजेरीपट उघडला. ते पहिल्या बाकावरच्या मुलीचं होतं. सगळ्या वर्गात त्यांनी तिच्या एकटीवरच डोळे मिटून विश्वास टाकला होता.

मॅडमनी बोलावलं तशी मुलगी त्यांच्या खोलीत आली ती हसतच.

"वर्गातलं घरी सांगतेस का गं?"

"रोज!" तिचा चेहरा उजळला. "बाबांना माझ्या शिक्षणाशी कधी देणंघेणं नव्हतं, मॅडम. पण हा विषय घेतल्यापासून जेवताना स्वतःहून विचारतात, आज काय शिकलीस? सगळं ऐकून घेतात. त्या दक्षिणेच्या पट्ट्याचं तर परत परत..."

ती थबकली. घरात बाबा काही दिवस कुणाशी धड बोलत का नव्हते, ते बहुतेक तेव्हाच तिच्या ध्यानात आलं. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं.

"म्हणजे ते माझ्यासाठी विचारत नव्हते."

बापाला कौतुकही असेल, असं मॅडमना म्हणावंसं वाटलं. पण तशी खात्री नव्हती. काय घडलं ते मात्र त्यांनी सरळ सांगून टाकलं.

"आणि तुम्ही आम्हाला वर्गात खोटं सांगितलंत?" मुलीनं विचारलं.

"हो. चुकलंच माझं."

पुढच्या तासाला मॅडमनी ते सगळ्यांसमोर कबूल केलं. मुलगी आली होती, पहिल्याच बाकावर. त्या दिवसापासून मॅडमच्या प्रत्येक वाक्यावर तिचा एकच प्रश्न असे, "हे कशावरून?" आणि मॅडम निमूटपणे पुरावा देत.

कारकून एकदाचा पास झाला. मुलीचाही वर्गात पहिला नंबर आला. निकालाच्या दिवशी मॅडमनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "घरी कसं आहे?"

"बाबा अजून विचारतात, आज काय शिकलीस." मॅडम तरी नक्की कशासाठी विचारताहेत, हे ताडत तिनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "मी म्हणते, विशेष काही नाही."