कापून ठेवलेलं गाणं

त्या सिनेमात माझी थोरली बहीण होती. पंच्याहत्तरी ओलांडल्यावर हे लिहितो आहे, कारण ती होती असं छातीठोकपणे सांगू शकणारा आता मी एकटाच उरलो आहे. आणि ती नव्हती, असं लोकांना सांगणाराही मीच होतो.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. नव्या कचेऱ्यांच्या पाट्या रंगत होत्या आणि त्यांच्यासमोरून पाण्याचे टँकर जात होते. मी तिथल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. अक्काला जळकोटच्या बाजूला एका खेड्यात दिलेलं. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात ती रोजगार हमीच्या कामावर माती वाहत होती. तिथं एक दिवस सिनेमावाल्यांची जीप आली. नांदेड जिल्ह्यातल्या एका जुन्या किल्ल्यात शूटिंग होतं, गर्दीसाठी बायका हव्या होत्या. मजुरी बरी होती, दोन वेळचं जेवण होतं, प्यायला हवं तेवढं पाणी होतं. सासूला विचारून अक्का ट्रकमध्ये बसली. त्यांच्या गावातून ती एकटीच गेली आणि आठवडाभरानं परत आली.

सासऱ्यांना ते नंतर कळलं. छप्पन्न साली दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली होती ती ही, की पाटलाच्या वरातीपुढं मशाल धरायचं घराण्याकडं चालत आलेलं काम बंद केलं. त्यासाठी पुढं बराच त्रास सोसला. त्यांनी सुनेला एकच विचारलं, राणीपुढं दिवा धरून उभी राहिलीस का? अक्का म्हणाली, नाही मामा, मी नाचले. राणीचा हात धरून नाचले. मला तिच्यासारखंच रेशमी नेसवलं होतं. हे कुणालाच पटलं नाही. राजाराणीच्या गोष्टीत मजुरी करणारी बाई राणीचा हात कशी धरेल? सासरे चिडले नाहीत, पण तिच्या हातचा चहा घ्यायचे बंद झाले. गावात तिला राणीसाहेब म्हणायला लागले. ती म्हणायची, शिनेमा येऊ द्या, मग बघा.

सिनेमा आला तो आमच्याच टॉकीजला. इतका खर्चिक सिनेमा मी तोवर पडद्यावर टाकला नव्हता. हत्ती, झुंबरं, राणीच्या अंगावर मावणार नाही एवढं सोनं. आणि गाणी मात्र गिटारवर, ड्रमवर. पहिल्याच शोला लोक बुचकळ्यात पडले. मुरुडहून आलेला एक फेटेवाला इंटरव्हलमध्ये मला म्हणाला, “ही बाई पंजोबाच्या टायमाची हाय का कालेजातली? मला काय उमगंना.” मला तरी कुठं उमगत होतं.

सिनेमा लांब होता आणि दिवसाला चार शो बसवायचे होते. अशा वेळी मॅनेजर म्हणायचे, एक गाणं काढ. कुठलं, ते ऑपरेटरनं ठरवायचं. ज्या गाण्याला लोक विडी ओढायला बाहेर जातात ते काढायची रीत होती. तेवढी पट्टी कापायची, दोन टोकं जोडायची, पट्टी डब्यात ठेवायची आणि प्रिंट पुढच्या गावाला जाताना परत जोडून द्यायची. मी पायऱ्यांवरचं एक गाणं काढलं. त्यात राणी आणि बाकीच्या बायका एकमेकींचे हात धरून गिरक्या घेत होत्या, मागं गिटार. गिरक्यांच्या वेगात बायकांचे चेहरे ओळखू येत नव्हते. मला ते अगदी खोटं वाटलं. त्या काळात राणी अशी कुणाबरोबरही नाचेल का? दरबारातलं गाणं मात्र मी ठेवलं, कारण त्यात तबकात दिवे घेतलेल्या दासींची मोठी रांग होती आणि अक्का त्या रांगेत असणार असं मी धरून चाललो होतो. म्हणजे तिनं सांगितलेलं मलाही पटलं नव्हतं. हे मी कधी कुणाला बोललो नाही.

पहिल्या रविवारी दुपारच्या शोला टेम्पो भरून तिच्या सासरची माणसं आली. सासरे पुढं बसले. मी केबिनच्या झरोक्यातून दिव्यांच्या रांगेत अक्काला शोधत राहिलो. सापडली नाही. शो सुटल्यावर बाहेर आलो, तर सगळे टेम्पोपाशी उभे. अक्का सरळ माझ्याकडं आली.

“पायऱ्यांवरचं कुठं गेलं रे? मी राणीचा हात धरलेलं?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पट्टी वर केबिनमध्ये डब्यात होती. मी काहीतरी बोलणार, एवढ्यात तिचा दीर म्हणाला, “काय पाव्हणं, तुमच्या थेटरात गाणी गिळता काय?” बायका हसल्या. सासरे माझ्याकडं बघत होते, उत्तरासाठी थांबल्यासारखे.

मी म्हणालो, “असलं गाणं ह्या शिनेमात न्हाईच.”

का म्हणालो? गाणं भावानंच कापलं म्हटल्यावर, काहीतरी झाकायचं होतं म्हणून कापलं, असं ते म्हणतील, अशी भीती वाटली असावी. किंवा मॅनेजर ओरडतील म्हणून. किंवा चारचौघांत आपली चूक नको म्हणून. इतक्या वर्षांत मी तिन्ही कारणं स्वतःला सांगितली आणि तिन्ही वेळा ती खरी वाटली. टेम्पोत अक्का सगळ्यात मागं बसली.

प्रिंट नांदेडला पाठवायच्या दिवशी पट्टी परत जोडताना मी ती भिंगाखाली धरली. नखाएवढी चित्रं. हिरवं रेशीम नेसलेली अक्का, राणीचा हात हातात, तोंड उघडं, हसणारं. मी ती बघितली, नीट जोडली आणि पेटी एस.टी.वर चढवली. पुढच्या आठवड्यात नांदेडला लोकांनी तिला बघितलं असणार. तिथं कुणी तिला ओळखत नव्हतं. “नांदेडला जाऊन बघा,” एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. तेही मी म्हटलं नाही.

सासरे वारले, दाजी गेले. गेल्या वर्षी तिच्या नातवाच्या साखरपुड्याला सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर मी उभा राहून हे सगळं सांगितलं. पोरं मोबाईलवर शोधू लागली. सिनेमा मिळाला नाही. गाणं मिळालं, पण नुसता आवाज आणि मागं पोस्टरचं एकच चित्र. एक भाचा म्हणाला, “मामा, बहिणीसाठी ह्या वयात खोटं बोलायलेत.” सगळे मायेनं हसले. मी पुन्हा सांगायला गेलो तर कुणीतरी मला खुर्ची दिली.

अक्का शेजारी येऊन बसली. मला वाटलं, ती तरी रागावेल.

“तू आत्ता बोललास ते खरं, का तवा बोललास ते?”

“आत्ताचं. मी बघितलंय तुला, अक्का.”

“मला आता तबक आठवतंय,” ती म्हणाली. “हातात दिव्याचं तबक. लई वर्षं झाली, तेच आठवतंय.”

तबक नव्हतं. तिच्या हातात राणीचा हात होता.