थांबून राहणारा राक्षस

माळा आवरताना जुना गेम-कन्सोल सापडला. टीव्हीला जोडला तशी तापलेल्या धुळीचा तोच वास आला. मी यावर खेळायचो तेव्हा आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती. बोलता येत नव्हतं; काही हवं असलं की ती स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवायची आणि मी उठायचो. चाळीतले मित्र केव्हाच लांब राहायला गेले होते. एका संध्याकाळी शेजारणीला आईजवळ बसवून मी चिंचपोकळीच्या गेमच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मारामारीच्या, गाड्यांच्या सीडी पुढे टाकल्या. "यांत मधेच उठलं की मरतो," मी म्हटलं. "एकटाच खेळतोस काय रे?" म्हणत त्याने खालच्या खणातून एक सीडी काढली. "ही घे. आधी तुझा टर्न, मग राक्षसाचा. तू बटण दाबेपर्यंत तो उभाच राहतो. जेवून ये, झोपून ये." घरी येऊन खेळायला बसलो. वाटी वाजली. आईला पाणी पाजलं, कूस बदलून दिली, परत आलो, तर राक्षस खरंच तसाच उभा. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. आज तीच सीडी लावली. माझा टर्न आला, आणि बटणावर बोट ठेवून मी वाटी वाजायची वाट बघत बसलो.