दोरा युनूसचा, गळ माझा

युनूस गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं, नसीमनं केला. “काका, अब्बा गेले. दुपारच्या नमाजनंतर नेणार आहेत.” मी चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या... बिबवेवाडीहून भवानी पेठेत कसा पोचलो ते आठवत नाही. जिन्यापाशी शिंदे उभे होते. तरुणपणी आम्ही काही जण दर रविवारी मुळेच्या एका बंधाऱ्यावर गळ टाकून बसायचो. त्यांतले आता शिंदे आणि मीच उरलो आहोत. शिंदे म्हणाले, “माणूस सोन्यासारखा होता हो. ते एक पाणमांजराचं सोडलं तर.” मागे नसीम पाण्याचे पेले घेऊन उभी होती. तिनं ऐकलं. मी तेव्हाही गप्प राहिलो.

ते पाणमांजर युनूसनं मारलं नव्हतं. मी मारलं होतं.

युनूसचं चामडी बॅगा शिवायचं दुकान होतं. बॅगेला वापरायचा तोच मेण लावलेला काळा दोरा तो गळाला बांधायचा आणि त्यातला तुकडा मलाही द्यायचा. माझं घर सोवळ्यातलं. आई विचारायची, “कुठं निघालास पहाटे?” मी सांगायचो, पर्वतीला. गळाची काठी युनूसच्या दुकानात राहायची, मी पकडलेले मासे त्याच्या पिशवीत जायचे. “कुलकर्णी,” तो म्हणायचा, “तुमचं पुण्य तुमच्या घरी, तुमचं पाप माझ्या कालवणात. बरी वाटणी आहे!”

तेव्हा नदीवर पाणमांजरं होती. आधी बारीक शीळ ऐकू यायची, मग पाण्यावर बुडबुड्यांची रेघ, मग चपटं ओलं डोकं. पकडलेले मासे आम्ही दोरीत ओवून काठाशी पाण्यातच ठेवायचो, ताजे राहावेत म्हणून. एकदा एक मादी माझ्या पायापासून हातभर अंतरावर आली, दोरीतला सगळ्यांत मोठा मासा ओढून समोरच्या खडकावर बसली आणि आमच्याकडे बघत कुडूमकुडूम खाऊ लागली. मी दगड उचलला. युनूसनं माझं मनगट धरलं. “बसा हो गप. जकात घ्यायला आलीय. पुण्यात जकात कुणाला चुकलीय?” मग दर रविवारी तो एक मासा खडकावर ठेवून यायला लागला.

आमचा एक नियम होता: घरी जाताना पाण्यात गळ ठेवायचा नाही. एका रविवारी युनूस पहाटे काठी माझ्या हातात देऊन लग्नाला गेला. बाकीचे लवकर उठून गेले, मी एकटाच नदीवर. दुकान बंद, काठी घरी नेणं शक्य नाही. ती झुडपात लपवली; गळही गुंडाळून ठेवता आला असता. पण पलीकडच्या डोहात मोठी मरळ होती आणि मला ती हवीच होती. गळाला जिवंत बेडूक लावला, दोरा उंबराच्या मुळाला बांधला आणि घरी येऊन वरणभात जेवलो.

सोमवारी कचेरीत जाण्याआधी सायकल मारत गेलो. बंधाऱ्यावर शिंदे आणि दोघेतिघे उभे होते. गळ तोंडात अडकून ती मादी बुडून मेली होती. तिला वर ओढून ठेवलं होतं, मिशांना चिखल लागलेला. शिंद्यांच्या हातात काळा दोरा. “हा तर युनूसचा! लग्नाहून येऊन संध्याकाळी लावला असणार.” मी काहीच बोललो नाही.

पुढच्या रविवारी युनूस आला तेव्हा शिंद्यांनी दोरा त्याच्या पायाशी टाकला. “मासे पुरत नव्हते काय, युनूस?” युनूसनं दोऱ्याची गाठ बघितली. माझी गाठ तो ओळखायचा, बॅग शिवणारा माणूस तो. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या महिन्यात माझं लग्न ठरत होतं, सासरकडची मंडळी आमच्याहून कडक, हे त्याला ठाऊक होतं. “चुकलं,” तो म्हणाला. शिंद्यांनी त्याला बंधाऱ्यावरून हाकललं. पुन्हा तो तिथं दिसला नाही. हळूहळू मीही जायचं सोडलं. त्याच्या दुकानात जाणंही.

ज्या घरासाठी तो गप्प बसला, त्या घरात आता खराडीहून नातू रविवारी येतो आणि फोनवरून तळलेलं पापलेट मागवतो. मी त्याला ताट वाढतो.

आज नसीमकडे आलो आणि सगळं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, बसवेना. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, “अब्बा प्रत्येक रविवारी पहाटे उठायचे. टोपी घालून, बूट घालून या खिडकीपाशी बाजेवर बसायचे. उजाडलं की बूट काढायचे. अम्मी म्हणायची, जा की नदीवर. तर म्हणायचे, तिथं आता जागा नाही.”

“नसीम, मी...”

“मला नका सांगू. शिंदेकाकांना कळेल असं सांगा. छापून सांगा, तुमच्या नावासकट.” तिनं बाजेवरचे कपडे उचलले. “बसा इथं. आत्ताच लिहा.”

इथंच बसून लिहितो आहे. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते, तिच्यावरून उतरलेला एक गंजका पाइप, बस्स. नदी नाही, झाड नाही, आभाळही नाही... इतके रविवार तो इथं बसून हेच बघत होता.