केरबाचा हेडफोन

केरबा वाघमारेचा अल्बम आला तेव्हा इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं, की ज्येष्ठ प्रयोगशील रॉक गिटारवादक तीस वर्षांच्या मौनानंतर परतले आहेत. ज्येष्ठ तर तो आहेच. बँकेत रांगेत पुढे घुसायचं असलं की आधी गुडघ्यावर हात ठेवतो. पण मौन कसलं? माणूस तीस वर्षं रोज संध्याकाळी वाजवत होता. बाहेर ऐकू येत नव्हतं, एवढंच.

हे मला माहीत, कारण मी काशीनाथ, त्याचा ड्रमर. आता हाटकेशला माझा खिडक्यांचे ग्रिल बनवायचा गाळा आहे, पण कुणी विचारलं तर मी अजून स्वतःला ड्रमरच म्हणवतो. आमचं घर नवघर गावातलं, खाडीवर मासेमारी करणारं. लहानपणापासून मी हळदीच्या मांडवात ढोलकी बडवत आलो. केरबा आला हिंगोलीकडून, काकाच्या खोलीवर राहायला, आणि पाणीखात्यात चिकटला. भीमजयंतीच्या मिरवणुकीत काकांच्या गायन पार्टीत तो बेंजो वाजवायचा. एका जयंतीला तो बेंजो चुकून स्पीकरच्या तोंडासमोर आला आणि असा काही कर्कश सूर उठला, की गायकाने माईक सोडून कान धरले. सगळे केरबावर खेकसत होते आणि हा मात्र बेंजो हळूच मागेपुढे करून तो सूर कसा वाकतो ते बघत होता. त्याचं हसू बघून मी मनात म्हटलं, हा एक तर येडा आहे, नाहीतर आपला आहे. पुढे दोन्ही खरं निघालं.

त्या सुराच्या मागे लागूनच त्याने गिटार घेतली. आम्ही चौघांनी बँड काढला, नाव ठेवलं ‘मिठागर’. केरबा तारांमध्ये स्क्रूड्रायव्हर अडकवायचा, स्टीलचा चमचा फिरवायचा, आणि एकच सूर इतका वेळ धरून ठेवायचा की ऐकणारा आधी वैतागायचा, मग गप्प व्हायचा, आणि क्वचित एखादा डोळे पुसायचा. कॉलेजच्या कार्यक्रमात आम्ही सुरू केलं तेव्हा हॉल भरलेला असायचा आणि संपवलं तेव्हा फक्त कुलूप लावणारा शिपाई उरायचा. आमची एक कॅसेट निघाली. मग एकाला आखातात नोकरी लागली, दुसरा सासऱ्याच्या धंद्यात गेला, आणि कुणी मोडला नाही तरी बँड संपला. त्या दिवसांसाठी माझा जीव अजून तुटतो, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही.

केरबाचं लग्न झालं. पंचशीला वहिनी त्याच्याच मुलखातल्या, कयाधू नदीकाठच्या. दोघांनी शांती नगरमध्ये वन रूम किचन घेतलं. पहिल्याच संध्याकाळी केरबाने ॲम्प्लिफायर लावला आणि थोड्याच वेळात सोसायटीचे चेअरमन दारात उभे. गुजराती माणूस, बोलायला अतिशय गोड. म्हणाले, बजाओ भाई, जरूर बजाओ, बस सुनाई नहीं देना चाहिए. केरबाने हे अक्षरशः पाळलं. त्याने मोठा, कान झाकणारा हेडफोन आणला आणि त्याची वायर ॲम्प्लिफायरला जोडली. स्पीकर बंद झाला आणि सगळं वादळ त्याच्या दोन कानांत गेलं.

घरात मग काहीच ऐकू यायचं नाही असं नव्हे. विजेच्या गिटारला पोट नसतं. स्पीकर बंद असला की तिच्या तारा नुसत्या टिकटिकतात, डब्यावर नख मारावं तशा. केरबा ड्यूटीवरून आला की स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल टाकायचा आणि भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून वाजवायचा. त्याच्या पाठीमागे वहिनी भाकऱ्या थापायच्या. जेवण तयार झालं की त्याच्या खांद्याला हात लावायच्या, कारण हाक मारून उपयोग नसायचा. त्यांची मुलगी राजश्री या सगळ्यात वाढली, शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली. स्टूल मात्र तिथंच राहिलं.

मी कधी गेलो की केरबा हेडफोन माझ्या कानांना लावायचा. काय वाजवायचा म्हणून सांगू! मी म्हणायचो, अरे, वहिनींना ऐकव. तो मान हलवायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने हौसेने आमची कॅसेट लावली होती आणि वहिनी अर्ध्यातून उठून कुकर लावायला गेल्या होत्या. साधी गोष्ट, जेवायची वेळ झाली असेल. पण केरबाच्या मनाने घेतलं, की हिला हे नकोय. वहिनींनी पुन्हा विचारलं नाही, त्याने पुन्हा लावलं नाही. बाकी संसार उत्तम चालला होता, त्यामुळे या गोष्टीकडे बघायला दोघांनाही सवड झाली नाही.

रिटायर झाल्यावर तो एके दिवशी गाळ्यावर आला आणि म्हणाला, अल्बम करायचाय, एकट्याचा. मी त्याला भरपूर चिडवलं. या वयात लोक योगासनं शिकतात, म्हटलं. कोण ऐकणार हाय तुझा?

“कुणी नाही ऐकलं तरी चालेल,” तो म्हणाला. “पंचशीलाने एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं. मधे न उठता. माझं तेवढंच राहिलंय.”

यावर मी काय चिडवणार? संध्याकाळी मशिनं बंद झाली की माझा गाळा त्याचा झाला. रेकॉर्डिंगचं मशीन मी आणलं, कसं चालवायचं ते शिकलो. केरबा ॲम्प्लिफायर घेऊन आला आणि वर्षभर रोज संध्याकाळी घराऐवजी माझ्या गाळ्यात बसला. पहिल्या दिवशी शेजारच्या गाळ्यातला माणूस कुठलं मशीन बिघडलं ते बघायला धावत आला. ड्रम मात्र केरबाने मला वाजवू दिले नाहीत. एकट्याचा म्हणजे एकट्याचा, म्हणाला. मला ते फार लागलं. दोन-तीन संध्याकाळी मी नुसता बटणं दाबत, तोंड फुगवून बसलो. मग तो वाजवायला लागला की राग टिकायचाच नाही. म्हातारपणी त्याच्या हाताचा वेग गेला होता आणि वाजवणं आणखी खोल झालं होतं.

अल्बम पुरा झाला. ॲम्प्लिफायर घरी परत गेला. रविवारी सकाळी मी स्पीकर घेऊन त्यांच्याकडे गेलो. वहिनींनी बुद्धवंदना उरकली, ठेवणीतली साडी नेसल्या आणि मुद्दाम गॅस बंद करून खुर्चीत बसल्या. केरबाला त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत होईना, म्हणून तो त्यांच्या पावलांकडे बघत होता. ती उठतात का, एवढंच. पावलं हलली नाहीत. शेवटचा सूर विरला तेव्हा वहिनी म्हणाल्या, चांगलं झालंय.

इथंच थांबायला हवं होतं. केरबाला हवं ते मिळालं होतं. पण वहिनी थोडं घुटमळल्या आणि म्हणाल्या, “पण तुमचं ते कुठंय? रोजचं?”

केरबाला कळेना. वहिनींनी मग समोरची स्टीलची थाळी ओढली आणि नखाने तिच्यावर वाजवायला लागल्या. आधी हळू, मग दोन जवळजवळ, मग थांबून एक. मी ऐकतच राहिलो. ती केरबाचीच चीज होती, हेडफोनमधून मी शेकडो वेळा ऐकलेली. अल्बमसाठी फार साधी म्हणून त्याने ती घेतली नव्हती. त्यातल्या थांबायच्या जागासुद्धा वहिनींना पाठ होत्या. त्यांनी ती कधीच ऐकली नव्हती असं आम्ही दोघे समजत होतो. त्या वर्षानुवर्षं नुसती टिकटिक ऐकत होत्या आणि त्यांच्यासाठी नवऱ्याचं संगीत तेच होतं.

“वर्षभर तुम्ही गाळ्यावर,” त्या म्हणाल्या. “घर नुसतं खायला उठलंय. भाकरीसुद्धा धड येईना.”

केरबाचा चेहरा बघवत नव्हता. तो म्हणाला, काश्या, हे पण घ्यायचं, इथंच, हिला ऐकू येतं तसं. संध्याकाळी मी माईक घेऊन परत गेलो. स्वयंपाकघराच्या दारात तो लावला. केरबा नेहमीच्या स्टुलावर, नेहमीसारखा भिंतीकडे तोंड करून बसला. फक्त त्याच्या हेडफोनची वायर या वेळी मी ॲम्प्लिफायरऐवजी माझ्या मशीनला जोडली, म्हणजे माईकला जे ऐकू येईल ते त्याला ऐकू यावं. वहिनींना म्हटलं, तुमचं चालू द्या.

त्याने सुरू केलं. कोरड्या तारा टिकटिकल्या. मागे वहिनींनी पीठ मळलं, पहिली भाकरी थापायला घेतली. आणि थोड्या वेळाने केरबाचा हात थांबला. तो स्टुलावर पूर्ण मागे वळला. मला वाटलं, तार तुटली.

“तू गातेस?” त्याने विचारलं.

वहिनींनी पिठाच्याच हाताने पदर तोंडाला लावला. आपण गातोय हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. इतक्या बारीक आवाजात गात होत्या, की मलाही वाटलं होतं शेजारच्या घरातून काही येतंय.

“रोज गातेस?”

“मग काय. तुम्हाला ऐकू येत नव्हतं, म्हणूनच तर गात होते.”

मग हळूहळू एकेक सांगितलं. नवीन लग्न होऊन आल्या तेव्हा या बिल्डिंगमध्ये त्यांच्याकडचं बोलणारं कुणीच नव्हतं. आईच्या जात्यावरच्या ओव्या, बाबासाहेबांच्या, रमाईच्या, कयाधूच्या पाण्याच्या, त्या टिकटिकीवर नीट बसतात हे त्यांना कधीतरी भाकरी थापताना सापडलं. आई गेली त्या वर्षी आईवर रचून गायल्या. राजश्री सासरी गेली तेव्हा तिच्यावर. चार माणसांत त्यांनी कधी गायलं नव्हतं. नवऱ्यासमोर तर नाहीच. आणि नवरा रोज हाताच्या अंतरावर बसलेला होता, कान झाकून.

केरबा म्हणाला, आता गा. वहिनींनी प्रयत्न केला. घसा खाकरला, दोन शब्द आले आणि आवाज बसला. पुन्हा प्रयत्न केला. तो टक लावून बघतोय म्हटल्यावर त्यांना भाकरीसुद्धा थापता येईना. तव्यावरची करपली. शेवटी त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही ऐकलं तर ऐका. यांनी ऐकलेलं नाही जमायचं मला.”

 मग केरबाने हेडफोनची वायर माझ्या मशीनमधून काढली, उठून पुन्हा आपल्या ॲम्प्लिफायरला जोडली आणि आवाज एवढा वाढवला की बाहेर माझ्यापर्यंत त्याची गुणगुण आली. हेडफोन कानांवर घट्ट बसवला. भिंतीकडे तोंड केलं. डोळे मिटले. आणि वाजवायला लागला.

वहिनी त्याच्या पाठीकडे बघत थांबल्या. एक भाकरी थापून तव्यावर टाकली. दुसरी घेतली, आणि मग त्या गायल्या. फाटका, पातळ, पण तारांच्या बरोबर चालणारा आवाज, कुठं थांबायचं ते नेमकं माहीत असलेला. केरबा जिथं सूर ओढायचा तिथं त्या आईला हाक मारायच्या. मी मशीनवर मान खाली घातली आणि रडलो. दोघं एकमेकांबरोबर वाजवत-गात होती, आणि त्यातल्या एकालाच ते ऐकू येत होतं. संपल्यावर वहिनींनी हात धुतले आणि त्याच्या खांद्याला हात लावला. जेवायला चला, म्हणाल्या.

अल्बममधली शेवटची चीज ती. इंटरनेटवाल्याने लिहिलंय की ‘पार्श्वभूमीला एका अनाम स्त्रीचा आवाज’. अनाम! नाव टाकू नका असं वहिनींनीच बजावलं होतं, आणि घरात लावायचीही बंदी केली होती. म्हणून केरबा रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या दिवशी ती ऐकायला गाळ्यावर आला. माझ्या ड्रमच्या स्टुलावर बसला, हेडफोन लावला. मी चालू करून ग्रिलच्या कामाला लागलो, कारण तिकडे बघणं मला झेपणारं नव्हतं.

संपलं तरी तो उठला नाही. हेडफोन कानांवर तसाच ठेवून त्याने विचारलं, जरा मोठ्यानेच, कान झाकलेला माणूस बोलतो तसं.

“काश्या, इतक्या वर्षांत ही किती गायली असेल रे?”

मी हातातलं काम खाली ठेवलं, मशीनजवळ गेलो आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून लावून दिलं.