राजाचं झालं का?

कुत्र्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसलं की किस्से साडीला लागलेल्या केसांसारखे चिकटतात. घरी जाऊन कितीही झटका, एखादा राहतोच! माझ्या नवऱ्याला वाटतं, मी दिवसभर गप्पा मारायचा पगार घेते. अहो, मी फोन करते! रेबीजचं इंजेक्शन दरवर्षी द्यावं लागतं, आणि लोकांना स्वतःच्या लग्नाची तारीख लक्षात राहत नाही, तिथे कुत्र्याची काय राहणार? त्यातून आमच्या नाशिकरोडच्या बाजूला मळेवाले, बंगलेवाले, कुणाकडे तीन कुत्री तर कुणाकडे चार. फोन केला की सगळ्यांचं उत्तर मात्र एकच, “झालं की!”

कुणाचं झालं, हे विचारलं की गाडी अडते.

* * *

देवळाली कॅम्पात एक रिटायर्ड सुभेदार राहतात. तीन कुत्री, तिन्ही शिस्तीची. दिलेल्या वेळेच्या आधी त्यांची जीप दारात उभी. एकदा मात्र वेळ टळून गेली तरी पत्ता नाही. मी फोन लावला. तिकडून कडक आवाज, “दोन हजर! एक फरार!”

फरार म्हणजे पलंगाखाली. मागून त्यांच्या मिसेस ओरडत होत्या, “नुसत्या ऑर्डरी काय सोडताय, वाका की जरा!”

सुभेदार मला हळूच म्हणाले, “ताई, सीमेवर बरं होतं. तिथे शत्रू पलंगाखाली जात नव्हता.”

* * *

गंगापूर रोडच्या एका काकूंकडे दोन पांढरी पॉमेरियन आहेत, लाडू आणि पेढा. काकू सोडल्या तर कुणाला फरक कळत नाही. आणि एकदा तर काकूंनाही कळला नाही! लाडूला टोचलं, मग “आता पेढा द्या” म्हटल्यावर काकूंनी पुन्हा लाडूच पुढे केला. तो बिचारा दुसऱ्यांदा केकाटला तेव्हा खरा पेढा खुर्चीखालून बघत होता.

पुढच्या वर्षी काकू तयारीनं आल्या. ज्याला टोचलं त्याच्या कपाळावर कुंकू! आयडिया झकास. पण आमच्या डॉक्टर मॅडम दुसरी सुई भरेपर्यंत दोघांनी एकमेकांना चाटून घेतलं आणि दोन्ही कपाळं लाल.

मॅडम सुई हातात धरून बघतच राहिल्या. मग मला म्हणाल्या, “मंगलताई, आता काय, दोघांची ओटी भरायची का?”

* * *

एकलहऱ्याला पॉवर स्टेशनात नोकरीला असलेला एक माणूस एकदा घामाघूम होऊन आत शिरला. खांद्यावर पोतं, पोत्यात कुत्रं, नुसतं डोकं बाहेर.

“मॅडम, पिसाळलाय! पाण्याची बादली बघितली की पळतो!”

बाहेर बसलेली सगळी मंडळी बाकड्यांवर चढली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “वाटीतलं पाणी पितो का?”

“पितो की, गटागटा.”

“मग त्याला पाण्याची नाही, आंघोळीची भीती आहे. तुमचा मुलगा पळतो का आंघोळीला?”

“रोज!”

“मग त्यालाही पोत्यात घालून आणणार का?”

सगळे खो खो हसले. त्यात दारणाकाठचे फुलमळेवाले भाऊ सगळ्यात जास्त. डोळे पुसत हसत होते. पण मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “खरं पिसाळलेलं असेल ना, तर तहान लागते पण घोट गिळवत नाही. माणसाचंही तसंच. लक्षणं दिसायला लागल्यावर आमच्या काय, कुणाच्याच हातात काही उरत नाही. म्हणून ओरडत असते, आधी टोचा, आधी टोचा!”

मंडळी माना डोलावत बाकड्यांवरून खाली उतरली. पण ऐकलं किती जणांनी, देव जाणे. लक्षात राहिलं ते पोतं. तेव्हापासून कुणी आंघोळीला कंटाळलं की आमच्याकडे ठरलेलं, “पोतं आणा!” भाऊंनी तर ते पार मार्केट यार्डापर्यंत पोचवलं.

* * *

आता भाऊंचंच सांगते. दारणेच्या काठाला त्यांचा मळा, झेंडू आणि शेवंतीचा. कुत्री चार. पण चारही एकदम कधी आणायचे नाहीत. “सगळी हितं आणली तर मळा राखील कोन? बिबट्या?” म्हणून यार्डात फुलं टाकली की येता येता एकाला आणायचे. पिकअपमधून उतरलेल्या त्यांच्या कुत्र्याला शेवंतीचा वास यायचा. मग कोण आलं, कोण राहिलं, याचा हिशेब माझ्या डोक्याला!

“भाऊ, टिप्याचं झालं, चिंगीचं झालं. वाघ्या कधी आणताय?”

“वाघ्याचं नाव काढून टाका, ताई. बिबट्यानं नेला.”

“अगं बाई, वाघ्या?” मी म्हटलं. गोड कुत्रं होतं हो, टोचलं तरी हात चाटायचं. तर भाऊच माझी समजूत घालायला लागले, “आवो, वाघ्याला वाघानंच नेलं म्हनायचं. गडी मानाचा गेला!”

फोन ठेवताना मात्र त्यांचा आवाज चिरकला.

* * *

पाऊस नुकता सुरू झाला होता तेव्हा त्यांचाच फोन आला. आवाज ओळखू येईना.

“ताई, राजा चावला! आमच्या परीला, पोटरीला! राजाचं इंजेक्शन झालंय ना? तेवढं बघून सांगा.”

परी म्हणजे त्यांची नात. नुकती शाळेत जायला लागलेली. मी कॉम्प्युटरमध्ये बघितलं, राजाचं झालेलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून मॅडम म्हणाल्या, “थांबा. राजा केवढा आहे विचारा.”

“केवढा म्हंजी? पोरगंच हाय अजून. दिवाळीनंतर आनलं.”

आमच्या नोंदीतला राजा तर चांगला म्हातारा! मी म्हटलं, “भाऊ, मग हा कोणता राजा?”

मॅडम माझ्या फोनला कान लावून उभ्या राहिल्या.

“पयला राजा बी बिबट्यानंच नेला,” भाऊ म्हणाले. “आमच्या मळ्यात राजा गेला की दुसरा येतो, त्याचं नावबी राजाच. आमच्या बापापासून तसंच हाय. मला वाटलं, राजाचं झालंय...”

मॅडमनी माझ्या हातातून फोन ओढलाच. “जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, चांगला वेळ धुवा, आणि लगेच सरकारी दवाखान्यात न्या! हळद-बिळद काही लावायची नाही! आणि तुम्हाला कुठे लागलंय?”

“त्याचा जबडा सोडवताना मनगटाला दात घासला जरासा. ते काय चावनं हाय व्हय!”

“भाऊ, तेही चावणंच. परीबरोबर तुम्हीही टोचून घ्यायचं. काय सांगते?”

“घेतो की!”

राजा त्याच आठवड्यात गेला, तोंडाला फेस येऊन. आमची सगळ्यांची झोप उडाली. प्रत्येक डोसच्या दिवशी मी फोन करायचे. कुत्र्यांची एक तारीख न पाळलेला हा माणूस, पण नातीची एक चुकवली नाही! पेरूचं आमिष दाखवून, खांद्यावर बसवून न्यायचे.

“परीचं झालं का?”

“झालं की!”

“आणि तुमचं?”

“झालं की, झालं की!”

शेवटच्या डोसला मी काउंटरवर पेढे वाटले. पोर वाचली हो!

* * *

हा शेवटचा. हा मी सहसा कुणाला सांगत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाऊंची पिकअप आली. मागे झेंडूचा क्रेट, दवाखान्याच्या पूजेसाठी. आणि पहिल्यांदाच उरलेली सगळी कुत्री एकदम! सून बरोबर होती. ती म्हणाली, “दोन दिस भाऊंच्या अंगात ताप हाय, झोप नाय. म्हनलं दसरा झाल्यावर जाऊ. तर म्हनत्यात, तारीख म्हंजी तारीख!”

मला इतकं कौतुक वाटलं! म्हटलं, “बसा भाऊ, पाणी घ्या,” आणि पेला पुढे केला.

भाऊ मनगट चोळत होते. “नको ताई. लय मुंग्या येत्यात हाताला.”

सून हसली. “कालपास्नं पानी नाय, च्या नाय. आंघोळीलाबी नाय म्हनले, ल्हान पोरावानी!”

बाकड्यावरचे जुने लोक हसले. सुभेदारही हसले. मॅडम हातातली सुई ट्रेमध्ये ठेवून बाहेर आल्या.

“भाऊ, मुंग्या कुठल्या हाताला?”

“ह्याच. राजानं धरल्याला.”

“तुमची इंजेक्शनं झाली होती ना?”

“झालं की. परीचं समदं झालं.”

“तुमचं, भाऊ?”

भाऊंनी सुनेकडे बघितलं. “येवढासा तर दात लागला व्हता,” म्हणाले.

मॅडमनी माझ्या हातातला पेला घेतला आणि त्यांच्यासमोर धरला. “एक घोट घ्या. माझ्यासाठी.”

भाऊंनी पेला घेतला. ओठांपर्यंत नेला. तसाच थोडा वेळ धरला, मग खाली ठेवला. मग माझ्याकडे बघून हसले.

“मंगलताई,” म्हणाले, “पोतं आणा.”